नातीची चौकशी आणि माझी साक्ष

माझ्या नातीचं काम हातचं जाईल असं मी जे काही केलं, ते सगळं चांगल्या हेतूने केलं.

सायलीने हिंजवडीची नोकरी सोडली आणि कोथरूडच्या आमच्या घरात बसून लोकांच्या वेबसाइट करायला लागली. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, रोज जेवताना विचारायचा, "मग? परत नोकरी कधी?" शेवटी ठरलं, की बाणेरच्या एका कंपनीचं मोठं काम मिळालं तर ठीक, नाहीतर मुकाट्याने नोकरी. पण त्या कंपनीला आधी चौकशी करायची होती. (स्थळ पक्कं करण्याआधी करतात तशी.) तिच्या जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागितले. सायलीची गिऱ्हाइकं तीन. त्यातली तिसरी मी! माझ्या चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायला तिने मला वेबसाइट करून दिली होती.

"आजी, खरं तेच सांग. फक्त नातं सांगू नकोस. त्यांना वशिला वाटेल."

"मी खोटं कधी बोलते गं?"

"तीच तर भीती आहे!"

फोन आला. गृहस्थ फार नम्र. "मॅडम, सायलीताईंचं काम कसं वाटलं?"

आता, आमच्यात आपल्या पोरांचं कौतुक परक्यापुढे करत नाहीत. दृष्ट लागते. माझा मुलगा दहावीला शाळेत पहिला आला, तेव्हाही मी अख्ख्या गल्लीला "झाला कसाबसा पास" असंच सांगितलं होतं. तोंडाला सवय!

"कसलं काम! आहे आपलं बरं."

"वेळेवर दिलं का?"

"कुठलं! लावले की महिनेच्या महिने." (मी रोज चकलीचा फोटो बदलायला लावत होते. पण ते त्यांनी विचारलं नाही.)

"काही अडचण आली तर लगेच बघतात?"

"बघते. तोंड वाकडं करून." (मी पहाटे उठवायचे.)

समोर सायली दोन्ही हात जोरजोरात हलवत होती. मला वाटलं, छान चाललंय म्हणतेय.

गृहस्थांनी सुस्कारा सोडला. "म्हणजे मुलगी जरा आळशीच दिसते."

माझं डोकंच फिरलं! नावं ठेवायची तर आम्ही ठेवू!

"आळशी? अहो, तुम्ही कोण तिला आळशी म्हणणारे? भरलं ताट बाजूला सारून उठलीय पोर माझ्या कामाला! मी रोज नवं खूळ काढायचे, तिने एकदा आवाज चढवला नाही!"

"पण मॅडम, आपण तिच्या कोण?"

"आजी!"

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. सायलीने तोंडावर उशी घेतली. संध्याकाळी माझ्या मुलाने सगळं ऐकलं, आणि तिचा ऑफिसचा जुना डबा माळ्यावरून काढून घासायला टाकला.

दुसऱ्या दिवशी त्याच गृहस्थांचा सायलीला फोन आला. काम तिलाच!

"बघ!" मी म्हटलं. "झाला की नाही माझ्या बोलण्याचा उपयोग?"

"झाला ना," सायली म्हणाली. "ते म्हणाले, बाकीच्या दोघांनी गोडगोड सांगितलं, त्यावरून काहीच कळलं नाही. आमचे साहेब दिवसाला चार वेळा मत बदलतात, म्हणून आमच्याकडे माणूस टिकत नाही. पण तुमच्या आजींसारखं गिऱ्हाईक जिने सांभाळलं, तिला आमचे साहेब काय जड?"