विहिरीवरचा चेहरा

पडद्यावर नायिका घागर घेऊन विहिरीवर आली आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "काय सुंदर दिसते!" दिसत होतीच. मी मात्र डोळे मिटून घेतले.

सिनेमा ज्या कादंबरीवरून काढला, ती मला आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, वाचून दाखवली होती. भाजलेल्या शेंगा खात ती वाचायची. पानांवर तिच्या बोटांचे काळे डाग अजून आहेत. लेखकानं नायिकेचा चेहरा कुठंच सांगितलेला नाही, म्हणून मी तिला आक्काचा दिला. वाचणाऱ्याजवळ दुसरे चेहरे असतात तरी कुठले? घरातल्या माणसांचेच. पुढे तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत आक्का गेली. तिचा फोटो एकच, लग्नातला. त्यातही मान खाली आणि चेहऱ्यावर मुंडावळ्या. तिला पाहावंसं वाटलं की मी पुस्तकच उघडायचे.

"छान होता की सिनेमा," घरी आल्यावर आमचे हे म्हणाले.

मी पुस्तक काढलं. विहिरीचं पान उघडलं. डाग होते तिथंच होते. वाचू लागले, तर घागर घेऊन ती नटी आली.

तीनदा वाचलं. तिन्ही वेळा तीच आली.