बातमी सुधारली, पत्ता तसाच ठेवला

मी आयुष्यभर तालुक्याचा बातमीदार होतो. साठीनंतर दारव्ह्याला घरच्याच खोलीत बसून बातम्यांची छोटी वेबसाइट सुरू केली. लिहिणं येतच होतं. नवीन शिकलो ते पानाला पत्ता देणं. इंटरनेटवर प्रत्येक बातमीच्या पानाला स्वतःचा पत्ता असतो, म्हणजे आपण पाठवतो ती लिंक. नुसत्या आकड्यांचा पत्ता शोधणाऱ्याच्या कामाचा नसतो. लोक मोबाइलवर जे शब्द टाकतील तेच त्यात हवेत: आधी गाव, मग आडनाव, मग काय घडलं ते. इंग्रजी अक्षरांत, मधे आडव्या रेघा. आणि एकदा दिलेला पत्ता सहसा बदलायचा नाही. मला हे इतकं जमलं की भोवतालच्या कुठल्याही गावाचं नाव टाकून शोधलं तरी माझंच पान सगळ्यात वर यायचं. त्याचा मला गर्व होता.

बोरी अरबच्या एका कृषी केंद्रवाल्याविरुद्ध तक्रार झाली. सोयाबीन उगवलं नाही, बियाणं बोगस. मी त्याला फोनही न करता बातमी लावली. पत्त्यात गाव, त्याचं आडनाव आणि पुढे ‘बोगस-बियाणे’. दुपारपर्यंत ती लिंक प्रत्येक ग्रुपवर होती.

पुढे तपासणीचा अहवाल आला. बियाणं चांगलं होतं. पेरणी खोल गेली होती आणि वर जमिनीने कडक पापडी धरली होती, त्यामुळे कोंब बाहेर आले नव्हते. मी मथळा बदलला, मजकूर बदलला, दुकानदार निर्दोष असल्याचं ठळक लिहिलं. पत्ता तेवढा बदलला नाही.

तो घरी आला. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, “काका, आतमधलं तुम्ही चांगलं लिहिलं. पण उघडून कोण पाह्यते? लिंकमधलं वाचते अन् पुढं ढकलते. ते दोन शब्द काढून टाका.”

“ते निघत नाही,” मी म्हणालो. “पत्ता एकदा पडला की पडला.”

“म्हणजे गोंदल्यावानी?”

“तसंच.”

तो हसला. “गोंदायच्या आधी माणसाले विचारतेत तरी, काका.” चहा पिऊन गेला.

मी खोटं बोललो होतो. पाच मिनिटांचं काम होतं. नवा पत्ता द्यायचा आणि जुन्यावर येणाऱ्याला तिकडे वळवायचं. पण माझ्या साइटवर सगळ्यात जास्त लोक त्याच पानावर येत होते आणि पत्ता बदलला तर वरची जागा जाईल, अशी मला धास्ती होती.

तेव्हापासून रोज सकाळी मी त्याचं गाव आणि आडनाव टाकून पाहायचो. पान पहिलंच. आधी बरं वाटायचं, पुढे भीती वाटायला लागली. फोन वाजला की वाटायचं, तोच. कृषी केंद्राची कुठलीही पाटी दिसली की मी रस्ता बदलायचो. बायको म्हणायची, “कोणाले भेऊन राह्यले तुम्ही?”

यंदा खरंच त्याचा फोन आला. “काका, पोरीले पाहुणे येऊन राह्यले रविवारी. आधीच्या दोन जागी मोबाइल पाहूनच नाही म्हटलं. तुम्ही या. लिहिणाराच समोर असला म्हणजे यांचं तरी समाधान होईन.”

शनिवारी मी पत्ता बदलला. पाच मिनिटंही लागली नाहीत. पण लोकांच्या मोबाइलमध्ये गेलेले जुने शब्द माझ्या हातात नव्हते.

रविवारी त्याच्या घरी मुलाच्या मामाने चहा घ्यायच्या आधीच मोबाइल काढला. जुनाच मेसेज होता.

“हे तुम्हीच लिहिलं काय?”

“हो.”

“आत निर्दोष, वर बोगस. खरं कोणतं?”

“आतलं.”

“मंग वरचं कायले ठेवलं?”

आतल्या दाराच्या पडद्याखाली मुलीचे पाय दिसत होते. ‘निघत नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं, कोणालाच कळलं नसतं.

“माझं पान वर राहावं म्हणून ठेवलं,” मी म्हणालो. “काढता येत होतं. काल काढलं. यांना मी खोटं सांगितलं होतं.”

दुकानदाराने बशी खाली ठेवली. “काढता येत होतं?” त्याने हळूच विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

मामाने मोबाइल पालथा ठेवला. “चाला, पोरीले बोलवा,” म्हणाला.

सोयरीक जुळल्याचं मला दुसऱ्याकडून कळलं. त्याचा फोन नाही.

आता हे लिहून झालं आहे आणि या पानालाही पत्ता हवा. त्याचं गाव, त्याचं आडनाव, ‘निर्दोष’, आणि पुढे माझं आडनाव, ‘खोटं-बोलला’. शोधणाऱ्याला हेच आधी सापडावं असा पत्ता मला नक्की जमेल. पण त्याचं आडनाव पुन्हा टाकायचं तर या वेळी त्याला आधी विचारलं पाहिजे. सकाळपासून तीनदा त्याचा नंबर काढला आणि तीनदा फोन खाली ठेवला. पान अजून लावलेलं नाही.