अंतोनचा स्टँड आणि लविनाची अकरावी

शपथेवर सांगतो, यात एक अक्षरही खोटं नाही. बरं, एखादं असेल. पण ओमानमधल्या सोहारला ज्यांनी आठ-दहा वर्षं काढलीत त्यांना विचारा, किस्से जमवावे लागत नाहीत. सकाळी उंबरठ्यावरची वाळू झाडून टाकायची, संध्याकाळी तेवढीच परत आलेली असते. किस्स्यांचंही तसंच. मित्र जेवायला आले की मी फक्त झाडू फिरवतो!

सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइपच्या कारखान्यात मी स्टोअर्स सांभाळायचो. नव्वदच्या दशकाची अखेर. माझी कीर्ती अशी, की मी "आज गुरुवार" म्हणालो तरी लोक कॅलेंडर बघून यायचे.

*

अंतोन तुस्कानो आमचा वेल्डर. वसईचा. त्याच्यासारखा हात अख्ख्या वसाहतीत नव्हता. एकदा मेसमध्ये नव्या लोकांपुढे मी सांगितलं, "परवा याने असा झगझगीत जोड मारला, की मस्कतला उतरणारं विमान रनवेचे दिवे समजून सोहारकडे वळलं!"

सगळे हसले. अंतोन चपाती तोडता तोडता थांबला. चेहरा गंभीर.

"सामंत, खरंच वळलं?"

"म्हणजे काय! पायलटने हातसुद्धा केला."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस? मी पण केला असता."

*

थापेचं काम असलं की लोक मलाच पुढे करायचे. एका शुक्रवारी आमच्या सगळ्या कुटुंबांना समुद्रावर जायचं होतं, पण सुट्टीच्या दिवशी कंपनीची बस मिळत नसे. मी मॅनेजरला म्हणालो, "सर, किनाऱ्यावर सेफ्टी ट्रेनिंग आहे."

मॅनेजर इजिप्तचा, कडक माणूस. म्हणाला, "व्हेरी गुड. मीही येतो."

आला! बायको, तीन मुलं, कलिंगडं घेऊन आला. दिवसभर पोहला, आमच्या बायकांनी केलेला कोळंबीभात दोनदा मागून घेतला, आणि पुढच्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातात सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट ठेवलं. मुलांनासुद्धा. अंतोनने मुलीचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून घेतलं.

*

ती मुलगी म्हणजे लविना. तेव्हा असेल नववीत. मी त्यांच्या घरी बसून ऐटीत सांगत होतो, की आमच्या मालवणसारखाच इथेही सूर्य समुद्रात बुडतो, आणि बुडताना 'चर्रर्र' आवाज येतो, मी स्वतः ऐकलाय.

लविना अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "अंकल, सोहारचा समुद्र ईस्टला आहे. सूर्य तिथून वर येतो. तो तिथेच मावळला तर मला आधी सांगा. मला सगळं फिजिक्स परत शिकायला लागेल."

तिचं मराठी अडखळत चालायचं, पण अडायचं नाही. त्या दिवसापासून माझी प्रत्येक थाप ती तपासायची. तपासून झाली की म्हणायची, "करेक्शन, अंकल." मला माझी आई पण इतकी घाबरवत नसे!

*

आमची शाळा एका भाड्याच्या बंगल्यात भरायची. दहावीपर्यंत ठीक. पुढे अकरावी-बारावीला फक्त कॉमर्स. सायन्स पाहिजे असेल तर मस्कत. सोहार ते मस्कत गाडीने अडीच तास, पण अकरावीला तो रस्ता वडिलांच्या ग्रेडने मोजायचे. मॅनेजर लोकांना मस्कतला फ्लॅट मिळायचा, शाळेचा खर्चही कंपनीकडे. वेल्डरला कामगारांच्या कॅम्पची खोली, आणि अंतोनसारखा कोणी कुटुंब घेऊन आला तर ते त्याच्या हिमतीवर. बाकीचे मुलांना भारतात आजी-मामांकडे पाठवायचे. लविनाला ठेवून घेईल असं वसईत कोणी उरलं नव्हतं.

दहावीचा निकाल लागला. लविना शाळेत पहिली आली. दुसरा आला आमच्या फायनान्स मॅनेजरचा मुलगा. पेढे वाटायला तोच आला, म्हणाला, "अंकल, मी मस्कतला चाललो, सायन्सला."

"आणि लविना?"

"ती फर्स्ट आली ना," तो निरागसपणे म्हणाला, "म्हणून तिला कॉमर्समध्ये लगेच मिळेल."

*

मी आणि अंतोन प्रिन्सिपल मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "पंधरा मुलं आणा, मी सायन्सचा वर्ग सुरू करते."

झालं! आठवडाभर आम्ही मुलं शोधत फिरलो. सायन्स नको असलेल्यांनाही पटवलं. "नुसतं नाव द्या हो, पुढचं पुढे!" तरी चौदाच झाले. मग पंधरावा फॉर्म मी माझ्या नावाने भरला. वय बेचाळीस.

मॅडमनी फॉर्म वाचला. चष्मा काढला. "मिस्टर सामंत, ये क्या है?"

"मॅडम, मी बारावीला फिजिक्समध्ये गचकलो होतो. ते राहून गेलंय."

मॅडम इतक्या हसल्या की पाणी प्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर फॉर्म नीट घडी घालून माझ्या हातात दिला.

"पंधरा सोडा, तीस आणलेत तरी फिजिक्सला टीचर कुठून आणू? दोनदा बोलावले. मस्कतला उतरतात, तिथेच कुठल्या तरी शाळेत राहतात. इथपर्यंत कोणी येतच नाही."

बाहेर आल्यावर अंतोन म्हणाला, "विमान वळलं म्हणतोस, मग मास्तर का नाही वळत?"

*

मग आम्हीच शाळा काढली. शुक्रवारची. आमच्या क्वालिटी लॅबमधले पटवर्धन पुण्याचे. "मी शिकवीन," म्हणाले, "पण सामंत वर्गात नको. विज्ञान आहे हे, तुमची थाप नव्हे."

त्यांच्या स्वयंपाकघरात वर्ग भरायचा. विद्यार्थी एक. पुस्तकं अकरावीची, मस्कतहून मागवलेली, जुनी. टायट्रेशन करायचं ठरलं. थेंब थेंब सोडायची काचेची नळी, ब्युरेट, मिळाली, पण ती उभी धरायला स्टँड नव्हता. अंतोन म्हणाला, "एवढंच ना? मी करतो."

केला. पुढच्या शुक्रवारी दोघांनी धरून आत आणला. कमरेएवढा, इंचभर जाड प्लेटचा तळ, जोड असे गुळगुळीत की बोट फिरवावं. क्रेन लटकवली असती तरी हलला नसता! टेबलावर ठेवला. स्टँड हलला नाही. टेबल मोडलं.

पटवर्धन वाकून बघत म्हणाले, "तुस्कानो, यात ब्युरेट धरायची आहे. पूल बांधायचा नाहीये."

त्यानंतरची सगळी टायट्रेशनं लविनाने फरशीवर मांडी घालून केली. थेंब मोजताना ती श्वास रोखून धरायची, आणि दारात उभा असलेला तिचा बापही.

*

आणि मग माझी बदली मस्कतला झाली. ग्रेड वाढली, वादी कबीरला फ्लॅट मिळाला. खिडकीतून मोठी शाळा दिसायची. माझा मिहीर तिथेच आठवीत जाऊ लागला. अकरावीचे प्रवेश अजून चालू होते. शाळेचा नियम असा, की अकरावी सायन्सला बाहेरगावची मुलगी घेतील, पण ती मस्कतमध्ये जवळच्या नातेवाइकाच्या घरी राहत असली पाहिजे. नातेवाइकाने तसं लिहून द्यायचं.

अंतोनचा फोन आला. "सामंत, तू तिचा काका."

"मी सामंत, ती तुस्कानो! काका कसा?"

"ते तू बघ. आयुष्यभर थापा मारल्यास, त्यात एक अजून."

माझ्या बायकोने तोवर लविनासाठी पलंगसुद्धा बघून ठेवला होता.

सोहारहून भाजीचा ट्रक पहाटे अल मवालेहच्या मार्केटला यायचा. बापलेक त्यातूनच आले. मी गाडी घेऊन उभा. पुदिन्याच्या पेंढ्यांमधून आधी लविना उतरली, इस्त्रीचा फ्रॉक, हातात फाइल. मग अंतोन उतरला आणि त्याच्यामागून, ट्रकवाल्याच्या मदतीने, स्टँड!

"हा कशाला?"

"दाखवायला. पोरीने लॅब केलीय म्हणून प्रूफ नको?"

गाडीत उजळणी सुरू झाली. माझ्या घरात खोल्या किती, काकूचं नाव काय, आडनाव वेगळं का. मी म्हणालो, "माझ्या भावाने वसईच्या मुलीशी लग्न केलं आणि सासरचं नाव लावलं."

"भावाचं नाव?" अंतोनने विचारलं.

"अंतोन."

"मग मी तुझा भाऊ झालो की!" तो खूश झाला. खांद्यावर त्याची वेल्डरची थाप पडली, गाडी दुसऱ्या लेनमध्ये गेली.

मी आरशात पाहिलं. मागे लविना बसलेली. एका एका थापेवर मला पकडणारी ती. म्हणाली, "अंकल... सॉरी, काका. आज मी करेक्शन करणार नाही."

*

व्हाइस प्रिन्सिपल सडपातळ गृहस्थ. टेबलावर ठेवता येईना म्हणून स्टँड जमिनीवर ठेवला. त्यांनी तो पायाने ढकलून बघितला. मग फाइल उघडली. मार्क पाहिले, सेफ्टी ट्रेनिंगचं लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट पाहिलं, आणि लविनाला टायट्रेशनबद्दल एकामागून एक प्रश्न विचारले. तिने सगळ्यांची उत्तरं दिली. शेवटच्या उत्तराला ते स्वतःच जरा विचारात पडले.

"लॅब कुठे केलीस?"

"किचनच्या फ्लोअरवर, सर."

ते हसले नाहीत. एक कागद माझ्याकडे सरकवला. "इथे सही करा. आणि मिस्टर सामंत, खोटं निघालं तर या मुलीचं ॲडमिशन जाईलच, तुमच्या मुलाचंही जाईल. तर सांगा, ही तुमची कोण?"

मी पेन उघडलं. छाती पुढे काढली. "सर, ही माझी पुतणी. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी. हा काय, इथेच बसलाय." अंतोनने हात वर केला, विमानाला करायचा राहिलेला असावा तसा. मी सही ठोकली. त्यांनी फाइल मिटली, लविनाशी हात मिळवला आणि म्हणाले, "यल्ला, चला, लॅब दाखवतो." स्टँड आम्ही चौघांनी मिळून जिना चढवला. तो अजून त्या लॅबमध्ये आहे.

आता तुम्ही शपथेची आठवण करून देणार. देतो कबुली. बनवलेलं एवढंच आहे, त्या प्रश्नानंतरचं.

"ही तुमची कोण?" असं त्यांनी विचारलं तेव्हा पेन उघडं होतं. मी म्हणालो, "ओळखीची."

लविनाने करेक्शन केलं नाही.

ती सोहारला कॉमर्सला बसली. स्टँड माझ्या घरी आहे, गॅलरीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावून ठेवतो. अंतोन तो परत न्यायला विसरला, असं मी सगळ्यांना सांगतो.

बाकी सगळं खरं आहे. विमानसुद्धा.