चोरीच्या पिक्चरमधली शेवंती

उत्तम डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे, पण तो राहतो त्या कोपरच्या पत्र्याच्या चाळीत हे सांगितलं तर लोक विचारतील, कोण उत्तम? पिक्चरवाला म्हणा, लहान पोरसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. शुक्रवारी थेटरात लागलेला पिक्चर रविवारी दुपारी, मटणाचा रस्सा जिरायच्या आत, चाळीच्या बोळात बघायला मिळणार हा तिथला शिरस्ता. उत्तम तो कुठल्या कुठल्या चोरट्या साइटवरून उतरवून घ्यायचा, टीव्ही दाराच्या तोंडाशी आणायचा आणि ऊन अडवायला वरून चादर बांधायचा. पैसा घेत नसे. पैसा घेतला तर चोरी, नाही घेतला तर समाजसेवा, असा त्याचा कायदा होता.

या समाजसेवेतून त्याला एक शहाणपण मात्र आलं होतं. माणसं बोलतात एक आणि मागतात दुसरं. शेजारच्या रखमाबाई चारचौघांत म्हणायच्या, "देवाधर्माचं काय असेल तर लाव रे बाबा." आणि नळावर एकटा गाठून विचारायच्या, "भुताचा नवा आला का?" टेम्पोवाल्या भिवाला मारामारीशिवाय घास उतरत नसे. साउथचा हिंदीत डब केलेला पिक्चर आला की त्याला आणि त्याच्यासारख्यांना दम निघायचा नाही. मराठी पिक्चरची गोष्टच निराळी. मराठी जगली पाहिजे म्हणून गणपतीत माइक धरून ओरडणाऱ्या मंडळींनी उत्तमकडे मराठी पिक्चर कधी फुकटसुद्धा मागितला नव्हता. चोरायच्याही लायकीचा समजत नाहीत म्हणजे बघा!

आणि मग एक मराठी पिक्चर असा आला, की अख्खी चाळ उत्तमच्या मागे लागली. त्याचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच मोबाईल काढाल, मला माहीत आहे. चाळीला त्या पिक्चरच्या हिरोशी देणंघेणं नव्हतं. त्यात उत्तमची बायको होती.

झालं होतं असं, की शेवंती मागच्या उन्हाळ्यात माहेरी, खडवलीला गेली होती. नदीवर शूटिंग चाललेलं. हिरो पळत येतो आणि धुणं धुणाऱ्या बाईला वाट विचारतो, एवढाच प्रसंग. पण धुणं धुणारी म्हणून जी नटी आणली होती तिला धुणं धुता येईना. शेवंती काठावरून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अगं बाई, चादर अशी पिळतात का?" म्हणत ती पाण्यात उतरली, आणि डायरेक्टरने नटीला काठावर बसवलं. शेवंतीला वाक्यही मिळालं : "पुढं वाट नाही भाऊ, मागं फिर." चाळीत परत आल्यावर हे वाक्य तिने इतक्यांदा म्हणून दाखवलं, की सार्वजनिक संडासापाशी रांग लागली तरी पोरं एकमेकांना तेच ऐकवायची.

पिक्चर लागायच्या आधी शेवंतीने विचारलं, "अहो, पहिल्या दिवशी जायचं का थेटरात? मी मोरपिशी साडी नेसेन."

"तिकीट कशाला काढायचं?" उत्तम म्हणाला. "मी आहे ना! रविवारी घरात बघू, मस्त पाय पसरून."

शेवंतीला पाय पसरायचे नव्हते. नवऱ्याच्या शेजारी बसून, त्याने आपल्याला मोठ्या पडद्यावर बघावं, एवढंच तिला हवं होतं. कारण घरात तो तिच्याकडे फारसा बघतच नसे. लॅपटॉपमध्ये डोकं. लग्नाकार्याला निघाले की हा पुढे, ती मागे. लोकांत तिच्याविषयी बोलायची वेळ आलीच तर "आमच्या घरात" म्हणायचा. जणू त्याचं लग्न भिंतींशी लागलं होतं.

रविवार आला. शेवंती मोरपिशी साडी नेसून, गजरा माळून स्वतःच्याच दारात टीव्हीसमोर बसली. बोळात बूड टेकायला जागा नव्हती. कॉपी थेटरात बसून चोरून शूट केलेली होती. पडदा जरा तिरका, मधूनच कुणी खोकतंय, कुणी उठून बाहेर चाललंय. चाळीला त्याची सवय होती. अखेर नदी आली. हिरो पळत आला. रखमाबाई ओरडल्या, "आली, आली!"

आणि त्याच क्षणी पडद्यावर कुठल्याशा जुगाराच्या ॲपची जाहिरात झळकली. चोरांनीच चिकटवलेली भगभगीत पिवळी पट्टी, बरोबर शेवंतीच्या तोंडावर. खाली पिळलेली चादर दिसत होती, वर पाटी : 'खेळा आणि जिंका'. पट्टीमागून आवाज आला, "पुढं वाट नाही भाऊ, मागं फिर." पट्टी गेली तेव्हा शेवंतीही गेली होती.

बोळात कुणी हसलं नाही, तेच वाईट. उत्तमने दोनदा मागे नेऊन लावलं. पट्टी काही हलेना. चोरावर मोर म्हणतात तो हा.

"आवाज चांगला आलाय," शेवंती म्हणाली आणि साडी बदलायला आत गेली.

उत्तमला ते लागलं. तिने भांडी आपटली असती तर तो उलट बोलला असता, पण ती गजरा काढून देवापुढे ठेवून मुकाट्याने पीठ मळायला बसली. चोरीच्या मालात बायकोचं तोंड गेलं, आणि तो माल घरात आपणच आणला, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी तो कंपनीतून घरी आला आणि म्हणाला, "शनिवारी थेटरात जायचं. ती साडी नेस."

तोवर पिक्चर जवळपास सगळीकडून उतरला होता. एकच खेळ राहिला होता, ठाण्यात माजिवड्याजवळच्या मॉलमध्ये, तोही दुपारचा. भिवाने टेम्पो काढला. निम्मी चाळ मागे सतरंजीवर बसली, शेवंती नवरीसारखी पुढे.

उत्तमला थेटरात जाऊन इतका काळ लोटला होता, की पडदा सरळ असतो हेच बघून त्याला नवल वाटलं. मागून आवाज आला की तो मागे वळून बघायचा. खोकणारा माणूस पिक्चरमध्ये नाही, शेजारी बसलाय, हे समजायलाही त्याला जरा वेळ लागला.

नदी आली. हिरो पळत आला. आणि पुढच्या रांगेतल्या माणसाने इतका वेळ छातीशी धरलेला मोबाईल हात उंचावून वर घेतला, थेट उत्तमच्या डोळ्यांसमोर. तो पिक्चर शूट करत होता! ज्यांच्या कृपेने उत्तमची समाजसेवा चालायची त्यांच्याच जातकुळीतला. एरवी उत्तमने त्याला चहा पाजला असता.

"ए! हात खाली घे!" उत्तम उभा राहून ओरडला. "माझी बायको येतेय! माझी बायको आहे ती!"

दचकून त्या माणसाचा हात खाली आला. सगळं थेटर हसलं. आणि समोर भिंतीएवढी शेवंती उभी राहिली, ओल्या हातांनी केस मागे सारणारी, हनुवटीवरच्या तिळासकट. "पुढं वाट नाही भाऊ, मागं फिर." चाळीने शिट्ट्यांनी थेटर डोक्यावर घेतलं. उत्तम उभाच होता. इतकी देखणी बाई आपल्याला रोज डबा भरून देते, हे त्याला आत्ता कळत होतं. खरी शेवंती शेजारी पदरात तोंड लपवून, बोटांच्या फटीतून बघत होती. पडद्याकडे नाही, त्याच्याकडे.

घरी आल्यावर उत्तमने लॅपटॉपवरचं सगळं पुसून टाकलं. चाळीने चार दिवस कुरकूर केली. मग एका संध्याकाळी भिवा मोबाईल नाचवत आला. "उत्तमभाऊ, वहिनीच्या पिक्चरची नवीन कॉपी आलीय. बिनपट्टीची!"

शेवंतीने हात पुसले आणि तिघं मोबाईलवर वाकली. नदी आली. हिरो पळत आला. चित्र गदगदा हललं, खाली घसरलं; खुर्चीची पाठ, कुणाची तरी चप्पल, सांडलेले पॉपकॉर्न. आणि वर उत्तमचा आवाज, चिरका, पार फाटलेला : "माझी बायको येतेय! माझी बायको आहे ती!" मग हशा, शिट्ट्या. चित्र पुन्हा वर आलं तेव्हा नदीवर कुणी नव्हतं.

उत्तमने कपाळावर हात मारला. "परत तोंड नाही आलं तुझं! आणि मी गाढवासारखा... भिवा, उडव ते आधी."

"उडवू नका," शेवंती म्हणाली. "मला पाठवा, भावजी."

"अगं, पण तू दिसतच नाहीस त्यात!"

"माझं तोंड मी रोज आरशात बघते," ती म्हणाली. "हे कधी ऐकलेलं?"

उत्तम कानापर्यंत लाल झाला. शेवंतीने मोबाईल कानाशी धरला आणि तेवढाच तुकडा परत लावला.