न मोडलेली मान

आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात माणूस चेहऱ्यावरून ओळखणारे पुष्कळ आहेत, पण मानेवरून ओळखणारे एकटेच: आमचे कटिंगवाले काका. समोरून नमस्कार केला तर कोण बुवा म्हणून बघत राहतील आणि आपण पुढे गेलो की मागून हाक मारतील, "गुरुजी, केस लई वाढलेत." कटिंग झाली की मान कडाकडा मोडून देणं ही त्यांची फुकटची सेवा. शेजारच्या साखऱ्याहून लोक नुसती मान मोडून घ्यायला जीपने येत. कुणी नको म्हटलं तर काका रुसत, आणि पुढच्या खेपेला त्याला तासभर बाकड्यावर बसवून ठेवत.

गेल्या वर्षी मी गोठ्याच्या पत्र्यावरून डोक्यावर पडलो. उठलो, चाललो, मान तेवढी आखडली. घरच्यांनी एकमुखाने औषध सांगितलं, काकांकडून मोडून या. दुकानात जाऊन बसलो. काकांनी मला उजेडातल्या खुर्चीत बसायला सांगितलं म्हणून पहिल्या खुर्चीतून उठलो, तर आरशात त्यांचा चेहरा उतरलेला दिसला.

"गुरुजी, डोकं काहून धरून राहिलेत?"

माझे दोन्ही हात डोक्याला आधार देऊन होते. मला पत्ताच नव्हता. आणि ते सोडून बघायचा धीर होईना. तेव्हा मात्र मी मनापासून घाबरलो.

काकांनी मला तिथेच फरशीवर उताणं निजवलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या. "नुसत्या आखडल्या मानेला असा हाताचा टेकू लागत न्हाई. आता हूं म्हणायला बी मान हालवायची न्हाई," एवढंच बोलले. हिंगोलीपर्यंत जीपमध्ये माझं डोकं त्यांच्या तळहातांत होतं. मला दिसत होतं फक्त जीपचं छत आणि त्यांची हनुवटी. दर खड्ड्याला ते नागनाथाचं नाव घेत आणि मी बोटं हलतात का बघे.

मानेचा एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, वरून दुसऱ्या मणक्याचा खुंट, ज्याच्याभोवती डोकं फिरतं तो, तुटलाय, सरकलेला नाही हे नशीब. ही मान कुणी मोडली असती तर, इथपर्यंत बोलून थांबले. काकांनी हात पाठीमागे लपवले.

तीन महिने मानेला पट्टा लावून हाड जुळलं. काकांनी त्यानंतर एकही मान मोडली नाही. साखऱ्याची मंडळी चिडून दुसऱ्या दुकानात जातात. परवा मी गमतीने म्हटलं, "काका, डॉक्टरांनी मोकळं केलंय, द्या आता मोडून." त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला. जीपमधल्यासारखाच, सांभाळून.

"केस लई वाढलेत," ते म्हणाले. पण कात्री काही उचलली नाही. हात बराच वेळ तिथेच होता, आणि मीही हललो नाही.