स्टिअरिंग पुढे, मोटर मागे

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

चोपड्याला राहणाऱ्या माझ्या पुतण्याने तापीतून केळी आणायला पत्र्याची सपाट बोट घेतलीय. मागे बसून मोटर हाताने वळवत बोट चालवायची की पुढे स्टिअरिंग लावायचं, यावर आठवडाभर माझं डोकं खात होता. आज सकाळी फोन आला, "काका, स्टिअरिंगच बसवलं. पुढून सगळं दिसतं."

नव्वदच्या आसपास माझ्या वडिलांनी, आबांनी, हेच केलं होतं. घडांच्या ढिगामुळे मागून समोरचं दिसेना, म्हणून जुन्या जीपचं स्टिअरिंग पुढे लावलं आणि तिथून मोटरपर्यंत तार ओढली. एकदा भर पाण्यात तार निसटली. आबांच्या हातात स्टिअरिंग नुसतंच फिरत होतं आणि बोट पुलाच्या खांबाकडे निघाली होती. आबा, आई आणि मी, तिघंही पुढेच बसलेलो.

आईने विचारलं, "मांगे कोन शे?"

कोणीच नव्हतं. ती घडांवरून रांगत मागे गेली आणि दोन्ही हातांनी मोटर वळवली.

पुतण्याला मी तेच विचारलं. तो हसला, "मागे कशाला कोण पाहिजे?"

दुपारी तो बोट घेऊन पाण्यात उतरलाय. आता फोन लागत नाही.

कोणी तापीकाठी असाल तर एवढं बघून सांगा, त्याच्या बोटीत मागे कोणी बसलंय का?