पक्षाचा रकाना

मी दुबईच्या ऊद मेथा भागातल्या एका शिकवणी केंद्रात अमेरिकेचं सरकार शिकवते. हे वाक्य मी इचलकरंजीला फोनवर पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बाबांनी मला ते पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "आणि तुला ते कुणी शिकवलं?"

कुणीच नाही. इथे अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत, त्यातल्या मुलांना या विषयाला शिकवणी लागते. केंद्राला राज्यशास्त्रात एम.ए. झालेलं माणूस हवं होतं आणि मला नोकरी. पुस्तक जाडजूड होतं. ते मी मुलांच्या एक धडा पुढे राहून वाचत होते.

बाकी राजकारणाचं म्हणाल तर मी पत्रकांवर वाढले. बाबा छापखान्यात मुद्रितं तपासायचे आणि उरलेल्या वेळात यंत्रमाग कामगारांच्या युनियनची पत्रकं लिहायचे. शाळेतून आल्यावर त्यांना घड्या घालायचं काम माझं. निवडणूक जवळ आली की मालक मागापाशी येऊन एकेकाला विचारायचे, यंदा कुणाला? म्हणून बाबांचं एक पत्रक दरवेळी ठरलेलं: तुमचं मत गुप्त आहे, विचारणाऱ्याला सांगू नका, आपला पक्ष कुणालाही लिहून देऊ नका. ते शब्द घड्या घालता घालता कधी माझे झाले, कळलं नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. आईवडील पुण्याचे, पण जन्म अमेरिकेतला. अकरा वर्षांची होईपर्यंत ती तिथेच वाढली, मग वडिलांची नोकरी दुबईला आली. डिसेंबरात ती अठरा वर्षांची झाली आणि जानेवारीत लॅपटॉप घेऊन माझ्यापुढे बसली. तिला परदेशातून मतदान करायचं होतं. कारण तिला पाचवीत शिकवणाऱ्या बाई तिच्या जुन्या गावातून तिथल्या संसदेसाठी उभ्या राहणार होत्या.

"एवढं काय त्या बाईंचं?" मी विचारलं.

"ताई, फिफ्थमध्ये क्लासचं इलेक्शन होतं. मी एका व्होटने हरले. मी खूप रडले. सगळे म्हणाले, चालायचंच. बाईंनी एकटीने रिकाउंट केला. सगळ्यांसमोर, एकेक चिठ्ठी वाचून."

"मग?"

"मग मी परत हरले. सेम, एका व्होटने." ती हसली. "पण दॅट वॉज फेअर, ना?"

त्या दिवसापासून मला तिचं मत माझ्या मतापेक्षा महत्त्वाचं वाटू लागलं. माझं मत इचलकरंजीच्या यादीत आहे आणि ते द्यायला मला स्वतः त्या केंद्रावर जाऊन उभं राहावं लागतं. मागच्या खेपेला रजा मागितली तर आमचे मॅनेजर म्हणाले, "हबीबी, चुनाव उधर है, तुम इधर हो. खलास." म्हणजे माझ्या हाताच्या अंतरावर असलेलं जिवंत मत एकच, या मुलीचं.

आम्ही अर्ज भरायला बसलो. नाव, जुना पत्ता, सगळं सरळ गेलं. मग ती थांबली.

"पॉलिटिकल पार्टी विचारलंय. काय लिहू?"

"काही नाही. रिकामं सोड."

"बट माझ्या टीचरची पार्टी..."

"ती त्यांची. सरकारला तुझा पक्ष कशाला हवा? जो देश मतदाराला अर्जावर पक्ष विचारतो त्यानं जगाला लोकशाही शिकवू नये."

हे वाक्य मला फार आवडलं होतं. त्या दिवशी मी ते घरी, इंटरनॅशनल सिटीला जाणाऱ्या बसमध्येही मनाशी घोळवत होते.

तिची आई तिला न्यायला आली होती. ती दारातूनच म्हणाली, "बरोबर सांगतेय ताई. पक्षबिक्ष काही लिहू नकोस. आपण इथे व्हिसावर राहतो, उगाच कुठे नाव नको."

काकूंच्या भीतीचं आणि माझ्या तत्त्वाचं एकमत झालं, तिथेच मला शंका यायला हवी होती. आली नाही. रकाना रिकामा गेला.

फेब्रुवारीच्या शेवटी उमेदवार कसे ठरतात, हा धडा आला. मी आदल्या दिवशी तो चाळला होता, पण चाळलाच होता. फळ्यावर लिहिलं, मग पुस्तकातली व्याख्या मोठ्यानं वाचली: काही राज्यांत पक्षाचा उमेदवार मतदारच आधीच्या एका निवडणुकीत ठरवतात, आणि त्यात मत फक्त त्या पक्षाचे म्हणून नोंदलेल्यांनाच देता येतं.

ती मुलगी लिहायची थांबली.

"ताई, मग आपण काय लिहिलं होतं?"

"काहीच नाही," मी म्हटलं. आपल्याकडे तिकीट पक्ष देतो. वर कुठेतरी चार माणसं बसतात, रात्रीतून नाव बदलतं, सकाळी कार्यकर्ते भिंती पुसतात. त्या बाई 'उभ्या राहणार' म्हटल्यावर त्यांचं तिकीट ठरलंय, असं मी धरून चालले होते. पक्षात नोंद म्हणजे आमच्या कानाला सभासदत्वाची पावती, झेंडा, उद्या कुणाच्या तरी मागे फिरणं. तिथे ती सरकारी अर्जावरची एक खूण निघाली. आणि तिच्या गावात नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीचा निकाल बहुधा ठरलेलाच असतो. मतदारसंघ असे कापलेत की वर्षानुवर्षं एकाच पक्षाचा माणूस निवडून येतो. खरी लढत त्या आधीच्या निवडणुकीत, जिला निम्मे लोक फिरकतसुद्धा नाहीत. तिला जो एक दिवस हवा होता, तोच मी अर्जातून घालवला होता.

त्याच वर्गात बसून आम्ही तिथल्या निवडणूक कार्यालयाला ईमेल लिहिली. उत्तर दोन दिवसांनी आलं, फार सभ्य. परदेशात राहून मतदानात रस घेतल्याबद्दल आभार. तुमची नोंद 'पक्ष नाही' अशी आहे. पक्ष नोंदवण्याची मुदत संपली आहे. या निवडणुकीसाठी तुम्हाला मतपत्रिका पाठवता येणार नाही.

मी तिला म्हटलं, "चूक माझी."

"इट्स ओके," ती म्हणाली. मला तो शब्द नको होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्या बाई वसंतात, त्या आधीच्या निवडणुकीतच हरल्या. एका मतानं नाही, सपशेल. काकू मला धीर द्यायला म्हणाल्या, "बघ, हिच्या एका मतानं काय फरक पडला असता? तू उगाच मनाला लावून घेतेस."

"असं म्हणू नका, काकू."

"अगं, हिशेबच आहे साधा."

"हाच हिशेब करून लोक घरी बसतात!" माझा आवाज एवढा चढला की शेजारच्या वर्गातल्या गणिताच्या सरांनी डोकावून बघितलं. काकू पर्स उचलून निघून गेल्या. मला राग त्यांचा नव्हताच. एकीकडे दोन पक्षांनी सगळी वाट अडवून ठेवलेला देश, दुसरीकडे तो एक धडा आधी न वाचणारी मी. पण समोर मिळाल्या त्या काकू.

शरद ऋतूत नोव्हेंबरची मतपत्रिका ईमेलनं आली. ती यायला पक्ष लागत नाही. मुलगी कागद छापून केंद्रात घेऊन आली, स्कॅनर वापरायला. दोन नावं छापलेली होती आणि खाली एक मोकळी ओळ, हवं ते नाव हातानं लिहायला. तिथे तिनं निळ्या शाईत आपल्या बाईंचं नाव लिहिलं होतं.

"हे मोजणार नाहीत," मी म्हटलं. "आधी नोंद नसलेलं नाव मोजत नाहीत. तुमच्या राज्यात तरी."

"माहितीये. चॅप्टर नाइन."

"मग त्या दोघांतलं जे कमी वाईट वाटतं..."

"ताई, प्लीज."

माझ्याकडे अख्खं पत्रक तयार होतं: मत वाया घालवणं म्हणजे काय, रागानं दिलेलं मत कुणाच्या उपयोगी पडतं, सगळं. ते मला आजही पटतं. तिनं त्या दोघांतला एक निवडायला हवा होता, असं मला अजूनही वाटतं. पण ते तिला सांगायचा हक्क मी जानेवारीतच गमावला होता. मी स्कॅनरचं झाकण उघडून बाजूला झाले. तिनं कागद ठेवला, बटण दाबलं आणि तो तिच्या गावाला पाठवून दिला.